साडेसोळा इंच

२ जानेवारी

माझ्या स्वतःच्या हातांनी झालेल्या गोष्टी अशा: ही वही, जुन्या कार्यक्रमांच्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजू दोऱ्याने शिवून केलेली. घरामागचा स्टुडिओ, दोन खोल्यांचा, भिंतींच्या पोटात बावीस पोती लाकडाचा भुसा. टेपयंत्र, तीन मेलेल्या यंत्रांतून एक जिवंत केलेलं. माइकचे चार स्टँड, सायकलच्या नळ्यांचे. दोन स्पीकरपेट्या, एक मोठी आणि दुसरी तिच्याहून किंचित मोठी. दोन खोल्यांमधलं दार. एकसष्ट गाण्यांच्या चाली. आणि धाकटीचा आवाज. हा शेवटचा हातांनी केला असं म्हणता येणार नाही, पण यादीत धरायला हरकत नसावी.

यातलं काहीही मी कुणाकडे शिकायला गेलो नाही.

वही अशासाठी, की माझी धाकटी बहीण आणि मी, आम्ही दोघं मिळून गाणी लिहितो आणि गातो, त्याला या वर्षी पंचवीस वर्षं होतात. रेकॉर्ड कंपनी आमचं पहिलं गाणं नव्याने काढणार आहे आणि बारा एप्रिलला मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवलाय. पुढे कुणी अभ्यास करील तेव्हा खरं काय ते एका जागी सापडावं. धाकटीला म्हटलं, तूही रोज लिहीत जा.

ती म्हणाली, "तू लिहितोयस ना? मग झालं. माझंही दरवेळी तूच लिहितोस."

हे तिने कौतुकाने म्हटलं.

५ जानेवारी

आमची पद्धत. धाकटी हाताला लागेल त्या कागदाच्या मागे शब्द लिहिते. विजेचं बिल, पाकीट, साबणाचा पुठ्ठा. मग ते गुणगुणत माझ्याकडे येते. ती गुणगुणते त्यातले स्वर नेमके कोणते, ते मी कीबोर्डवर शोधून सांगतो. म्हणजे चाल माझी.

रेकॉर्डिंगला ती आतल्या खोलीत, मी बाहेर यंत्रापाशी. मधल्या भिंतीला काच बसवायची होती, ती अजून बसवायची आहे. म्हणून दारावर टकटक करून बोलतो. एक म्हणजे पुन्हा. दोन म्हणजे जमलं. तीन म्हणजे चहा. पंचवीस वर्षांत पहिल्या खेपेला मी दोनदा टकटक कधीही केलेलं नाही. दर्जा टिकतो तो असा.

जाहिरातींवर आमचं नाव 'धाकटी आणि दादा' असं येतं. क्रम कुणी ठरवला, माहीत नाही. मी विचारणा केलेली आहे.

८ जानेवारी

आज एक मोठं काम हातावेगळं केलं.

'पायरीवरचं ऊन', आमचं पहिलं गाणं, रेकॉर्ड केलं तेव्हा ती सतरा वर्षांची, मी चोवीस. शेवटची ओळ छान उतरली, तिने श्वास सोडला, आणि मधलं दार आपोआप उघडलं. (दारात दोष नाही. जमीन तिरकी आहे.) टेप चालूच होती. आतून ती ओरडली, "दादा, दार!" आणि हसली. दुसरी टेप घ्यायची ऐपत नव्हती, होती तशीच कंपनीकडे गेली. कंपनीने होती तशीच छापली.

गाणं गाजलं. म्हणजे, गाणं गाजलं असं मी म्हणतो. लोक शेवटची ओळ संपायची वाट बघतात आणि तीन हजार माणसं एकदम ओरडतात. बँकेत मागे दार उघडं राहिलं की रखवालदार ओरडतो. एका पुरस्काराच्या वेळी प्रमुख पाहुण्यांनी भाषण म्हणून तेवढे दोनच शब्द उच्चारले आणि खाली बसले. त्या संध्याकाळी सर्वांत जास्त टाळ्या त्यांना.

माझ्या कामावरचा हा डाग नव्या आवृत्तीत राहणार नाही. कंपनीने परत दिलेली मूळ टेप काढली, पात्याने कापली. सेकंदाला पंधरा इंच. दोन शब्द आणि हसणं मिळून एक सेकंद आणि एक दशांश. म्हणजे साडेसोळा इंच. तुकडा फेकला नाही. खिळ्याला लटकवला, वर चिठ्ठी: 'दोष'.

ही, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन आली. "हे काय लोंबतंय?"

"दोष."

"एकच सापडला?" म्हणाली आणि कप ठेवून गेली.

हिला गाण्यातलं काही कळत नाही.

१९ जानेवारी

कार्यक्रमाची पहिली तालीम. 'ऊन' काळी पाचच्या पट्टीत आहे, पहिल्यापासून. दुसऱ्या कडव्याला धाकटी थांबली. "दादा, अर्धा स्वर खाली घेऊ या?"

"कशाला?"

"बघू या, कसं वाटतं."

पांढरी सहावर गायली. पंचवीस वर्षांचं गाणं, बाईंना आता बघू या वाटतं!

२६ जानेवारी

आणखी अर्धा स्वर खाली. काळी चार. वर तिला कोमट पाणी हवं, पंखा बंद हवा. मी दोन माइक बदलून पाहिले. आतल्या खोलीची एक भिंत उकरली. भुसा खाली बसलाय, वरची हातभर जागा पोकळ. तिथून वरचे स्वर गळत असणार. पाच पोती मागवली.

ही म्हणाली, "अहो, भिंत काय ऐकताय? तिला ऐका."

तिलाच तर ऐकतोय. भिंत कोण उगाच उकरतं?

३० जानेवारी

उलगडा झाला! चूक धाकटीची नाही, भिंतीचीही नाही. अर्धा स्वर म्हणजे वेगात सहा टक्क्यांचा फरक. माझं टेपयंत्र तेव्हा बारा टक्के हळू धावलं असणार, आणि म्हणून गाणं काळी चारचं असूनही पंचवीस वर्षं काळी पाचमध्ये ऐकू येतंय. साऱ्या जगाने चुकीच्या पट्टीत ऐकलं. यंत्राला नवी पुली घासून बसवली. मूळ टेप आता खऱ्या वेगाने चालते.

धाकटीला फोन करून सांगितलं, तू बरोबर होतीस. तिने ते गणित मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "दादा, तू फार गुणी आहेस रे." माझ्या शोधाचं महत्त्व तिला पटायला वेळ लागतो, पण पटतं.

३ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस येऊन गेला. एका कानात कायम इअरफोन, म्हणून मी त्याला एककान्या म्हणतो, अर्थात मनात. त्याला खऱ्या वेगाची शुद्ध आवृत्ती ऐकवली. डोळे मिटून ऐकत होता.

"सर, गाणं आजारी आहे का?"

मी बारा टक्क्यांचं गणित मांडलं. तो गणितावरून बोट फिरवत होता, एवढ्यात गाणं संपलं. तो वाट बघत राहिला. नुसती शांतता.

"सर, दार कुठाय?"

"काढलं."

"दार काढलं?" त्याने पहिल्यांदाच कानातला इअरफोन काढला. "सर, लोक त्याच्यासाठी अख्खं गाणं ऐकतात."

अशा माणसांच्या हाती संगीत आहे.

११ फेब्रुवारी

रेडिओवर मुलाखत. पहिला प्रश्न धाकटीला, शब्द कसे सुचतात. तिने माझ्याकडे बघितलं, म्हणून मीच उत्तर दिलं. भुशाबद्दल अकरा मिनिटं बोललो, कुणीही मध्ये तोंड घातलं नाही. धाकटी दोनदा खोकली, ते त्यांनी कापायला हवं. निवेदिका शेवटी म्हणाली, ताई, श्रोत्यांसाठी ते दोन शब्द? धाकटीने गळ्याला हात लावला आणि मान हलवली. नाही म्हणाली! तिलाही आता त्या दोन शब्दांचा वीट आलाय, हे पाहून बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी

धाकटीने बोलणं सोडलंय. तालमीला येते, वही घेऊन बसते, हवं ते चिठ्ठीवर लिहिते. आज मी दीड तास समजावत होतो, एकदाही वाद नाही. बेचाळिसाव्या वर्षी का होईना, शिस्त आली. हिला सांगितलं, तर ही ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "धन्य आहे." कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

१ मार्च

आता शिस्त वगैरे काही नाही, हे माझ्या लक्षात आलंय. तिचा फोन मेहुणे उचलतात. मेहुणे शाळेत भूगोल शिकवतात, एरवी विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

"ती तालमीला येणार नाही आज. तिला बोलायचं नाहीये."

"माझ्याशी?"

"कुणाशीच, दादा."

"मेहुणे, काय शिजतंय तुमच्या घरात?"

"सूप," म्हणाले. "तिच्यासाठी."

थट्टा करतात. म्हणजे नक्की काहीतरी आहे. धाकटी एकटी गाणार. दुसरीकडे कुठेतरी. माझ्याकडे स्वर वाचवून ठेवते आणि तिकडे ओतते.

८ मार्च

पुरावा मिळाला. धाकटी तालमीला आली आणि वही विसरून गेली. मी काही उघडली नाही, ती पडली आणि उघडली. आत एक छापील चिठ्ठी, मागे नेहमीप्रमाणे ओळी:

आवाज काढून ठेवला दाराशी, ओल्या छत्रीशेजारी,
तशीच आत आले तर ओळखाल ना सारी?

छत्री हा शब्द गाण्यात बसत नाही, ते असो. पुढच्या बाजूचा वरचा भाग फाटलेला. खाली छापलेलं: १९ मार्च, सकाळी ९. दुसरा मजला, खोली ६. आधी सहा तास काही खाऊ-पिऊ नये. सोबत एक माणूस आणावा. आवाज न करता बसावे.

कडक स्टुडिओ दिसतो. भरल्या पोटी गाऊ नये हे मीही सांगत आलोय, पण सहा तास! आणि 'सोबत एक माणूस' म्हणजे कोण, तर मेहुणे. पंचवीस वर्षं दाराबाहेर बसलो तो मी कोण मग?

हिला काही सांगितलं नाही. हिने मात्र विचारलं, "जेवत का नाही?"

१९ मार्च

जसं घडलं तसं लिहितो.

आठ वाजून दहा मिनिटांनी मेहुण्यांची गाडी निघाली. मी स्कूटरवर मागे, तीन गाड्यांचं अंतर राखून. खिशात ट्यूनिंग फोर्क. समोरासमोर पट्टी दाखवून द्यायची होती. नजर गाडीवर होती, म्हणून इमारतीवरची पाटी वाचली नाही. एरवी मी पाट्या वाचतो. दुसरा मजला, खोली सहा. दार ढकललं आणि म्हणालो, "सापडलात!"

लांब बाक. सात-आठ माणसं. कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणी रुमाल धरलेला. सगळी माझ्याकडे बघत होती आणि एकही बोलत नव्हतं. बाकाच्या टोकाला धाकटी, शेजारी मेहुणे, मांडीवर फायली. नर्सने ओठांवर बोट ठेवलं.

माझ्यामागे दार उघडंच होतं.

बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गळ्यात पाटी अडकवलेली. त्यांनी मला नीट न्याहाळलं, पेन्सिल घेतली, सावकाश काहीतरी लिहिलं आणि पाटी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. 'दादा, दार!'

अख्खा बाक हसला. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि खोलीत एवढासाही आवाज नव्हता. धाकटीही हसत होती. तिचाही आवाज येत नव्हता.

मी दार लावलं.

मेहुण्यांनी सरकून जागा दिली. "डिसेंबरात कळलं," हळू म्हणाले. "गाठ आहे. आज काढतायत. बोलता येईल म्हणतात. गाण्याचं कुणी सांगत नाही."

डिसेंबर. मी यादी केली त्याच्या आधी.

"मला का नाही सांगितलंस?" मी तिला विचारलं.

तिने फायलीच्या कोपऱ्यावर लिहिलं: तू दुरुस्त करायला बसला असतास.

"भिंत उकरली मी. निदान तेव्हा तरी नको म्हणायचंस."

तिने लिहिलं: तुला बरं वाटत होतं.

नर्सने नाव पुकारलं. धाकटी उठली, दोन पावलं गेली, परत आली, माझ्या शर्टाच्या खिशातला फोर्क काढला, मेहुण्यांच्या हातात दिला, आणि आत गेली. दोन तास वीस मिनिटं लागली. मेहुण्यांनी मला त्या भागातल्या सगळ्या नद्या सांगितल्या. मीच विचारल्या होत्या.

घरी आलो. ही दारातच होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "कळलं का एकदाचं?"

"तुला माहीत होतं?"

"अहो, मला ऐकू येतं."

२० मार्च

दिवसभर टेप. खिळ्यावरचा तुकडा काढला, जागच्या जागी चिकटवला. साडेसोळा इंच. सांधा ऐकू येत नाही, चाळीस वेळा ऐकून खात्री केली. मूळ पुली परत बसवली. यंत्र पहिल्यापासून बरोबर होतं. गाणं काळी पाचमध्येच आहे.

तिचं नुसतं बोलणं, गाणं नव्हे, माझ्याकडे टेपवर दुसरं कुठेही नाही. शोधलं. दरवेळी तिने तोंड उघडलं की मी यंत्र बंद करत आलोय.

४ एप्रिल

बाराचा कार्यक्रम रद्द. एककान्या फोनवर म्हणाला, दुसरी कुणी गायिका उभी करू, लोकांना दार मिळाल्याशी मतलब. मी त्याला अकरा मिनिटं ऐकवलं. यात भुसा नव्हता.

१८ एप्रिल

आज बोलायची परवानगी. सगळ्यात आधी स्टुडिओत येते म्हणाली, म्हणजे मेहुणे म्हणाले.

मधलं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं नव्हतं. बिजागरीला तेल घालायचं होतं. टेप चालू होती ती यंत्राची चाचणी म्हणून.

ती आली, फिरणाऱ्या रिळांकडे बघितलं, दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एक शब्द न बोलता आतल्या खोलीत गेली आणि स्वतःच दार ओढून घेतलं. ते उघडलं. तिने पुन्हा लावलं आणि आतून खुर्ची लावल्याचा आवाज आला. पंचवीस वर्षांत खुर्ची मला सुचली नव्हती.

मग आतून आवाज आला. "पट्टी?"

जाड, खालचा, मध्येच विरलेला. ओळखायला एक क्षण लागला. एकच.

"धरशील ती," मी म्हणालो.

छत्रीचं गाणं गायली. कुठल्या स्वरावर, ते मी शोधलं नाही. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला, ती तशीच पुढे गेली. माझी मूठ दारापाशी होती. दोनदा वाजवलं.

खुर्ची सरकली, दार उघडलं. "दादा, बरा आहेस ना?"

"हो."

"चहाला तीन असतात."

"माहीत आहे मला."

ती बघतच राहिली. मग हसली. आवाज आला. थोडा.

नोंद: या गाण्याची चाल तिची. आधीच्या एकसष्टांचं नंतर बघू.

२३ एप्रिल

एककान्या दोन माणसं घेऊन आला. दारं-खिडक्या करणाऱ्या कंपनीची. जाहिरातीसाठी ते शब्द हवेत, कायमचे, दुसऱ्या कुणी वापरायचे नाहीत, कार्यक्रमात आम्हीही नाही. कागदावर आम्हा दोघांच्या सह्या हव्यात. शिवाय माझं मधलं दार ते उचलून नेणार आणि त्यांचं बसवून देणार, फुकट. त्यांच्यातला एक माझ्या दारापाशी जाऊन ते हलवून बघत होता आणि गालात हसत होता. ते मी सोसलं.

धाकटीने आकडा ऐकला आणि लगेच सही केली. "घे की दादा! छप्पर बघ कसं झालंय."

"कुणी विकत घेतंय तोवर द्या," ही म्हणाली.

मी पेन उघडलं. दुसरा माणूस म्हणाला, "फक्त एक छोटा बदल, सर. 'दादा' नको. गिऱ्हाईक एकुलतं एक असेल, त्याला वाईट वाटेल. नुसतं 'दार!' घेऊ."

मी त्याला समजावलं. 'दादा' आणि 'दार' यांच्यामध्ये रिकामी जागा नाही. श्वास एकच आहे. कापायचं तर श्वासातून कापावं लागतं, आणि मग 'दार'ची सुरुवात बोथट येते.

"कॉम्प्युटरवर होतं ते, सर."

"होत असेल," मी म्हणालो आणि पेनाचं टोपण लावलं.

धाकटी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता वाद होणार. तिने टेबलावरचा करार उचलला, उलटा केला, मागची बाजू कोरी आहे ना ते पाहिलं, आणि माझ्या हातातलं पेन मागून घेतलं.

नोंद राहावी म्हणून नेमकं लिहितो. 'दादा' वगळून एक शब्द, टेपवर सव्वासहा इंच, त्याचे तेहतीस लाख देत होते. मी नाही म्हणालो.